कडेचा बिंदू

दोनशे बाराव्या ओळीखाली लाल रेघ उमटली, तेव्हा समृद्धी मोहितेनं आधी स्वतःलाच दोष दिला. गेल्या चार महिन्यांत अशा लाल रेघा तिनं शेकड्यांनी पाहिल्या होत्या. कुठे कंस राहून गेलेला असायचा, कुठे चिन्ह उलटं पडलेलं. ती खुर्ची पुढे ओढून बसली आणि ओळ पुन्हा वाचू लागली.

गणिताच्या एम.एस्सी.चं तिचं दुसरं वर्ष नुकतंच सुरू झालं होतं. प्रोजेक्टचा विषय होता, कर्णिक प्रमेय ‘पडताळ’च्या भाषेत उतरवणं. हे प्रमेय ज्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी सिद्ध केलं, त्या डॉ. उज्ज्वला कर्णिकच तिच्या गाईड होत्या.

पडताळ हे सिद्धता तपासणारं सॉफ्टवेअर येऊन दोन वर्षं झाली होती. तोवर गणितातली सिद्धता माणसांनीच लिहायची आणि माणसांनीच तपासायची, अशी रीत होती. सिद्धता म्हणजे एक जिना. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर टेकलेली असावी लागते. पण लिहिणारा माणूस दहा पायऱ्या लिहितो, चार गाळतो आणि त्या जागी ‘हे उघड आहे’ असं लिहून पुढे जातो. वाचणाराही जाणकार असतो, तो मान डोलावतो. पडताळ मान डोलावत नसे. गाळलेली प्रत्येक पायरी ते मागून घेई, नाहीतर स्वतः बांधून बघे. बांधता आलीच नाही, तर ती पायरी खोटी ठरेल असं एखादं उदाहरण शोधू लागे. बहुतेक वेळा पायरी सापडायची आणि रेघ हिरवी व्हायची.

या वेळी झाली नाही. समृद्धीनं कंस तपासले, चिन्हं तपासली, मूळ छापील शोधनिबंध शेजारी उघडून शब्दाला शब्द लावून पाहिला. उतरवण्यात चूक नव्हती. दोनशे बाराव्या ओळीत मॅडमनी लिहिलं होतं, ‘हा संच बंदिस्त आहे, हे उघड आहे.’

सव्वा बाराला पडद्यावर दोन शब्द आले. ‘प्रत्युदाहरण सापडले.’

कर्णिक प्रमेय नुसतं कागदावरचं नव्हतं. एकाच नदीवर एकाखाली एक धरणं असली, की पुरात मोठी भीती असते ती दोन धरणांचे दरवाजे एकाच वेळी पूर्ण उघडण्याची. वरचं पाणी आणि खालचं पाणी एकत्र झालं, की काठावरची गावं जातात. मॅडमनी असा एक नियम शोधला होता, की प्रत्येक धरणाचा संगणक शेजारच्या धरणाची पातळी बघून आपापला निर्णय घेईल. आणि पाऊस कसाही पडो, लागोपाठची दोन धरणं कधीही एकाच वेळी पूर्ण उघडणार नाहीत, हे त्यांनी सिद्ध केलं होतं. जलनियंत्रण मंडळानं तो नियम पाच नद्यांवर बसवला होता. त्यातली एक सोनजाई.

सोनजाईवर वरच्या बाजूला अंबेघर आणि खाली कोळवणचं धरण. कोळवणच्या दरवाजांवर रणजित मोहिते नावाचा ऑपरेटर होता. तो समृद्धीचा बाप.

सहा वर्षांपूर्वी ऑगस्टमधल्या एका दुपारी कोळवणचे सगळे दरवाजे अंबेघरबरोबरच उघडले. अकरा माणसं वाहून गेली. केबिनमध्ये हातानं दरवाजे उघडायचं एक बटण होतं, धरण फुटायचीच वेळ आली तर दाबायचं. ते दाबल्याची नोंद ठेवणारी पेटी पाण्यात गेली होती. चौकशी समितीपुढे दोनच शक्यता होत्या. एक तर यंत्रणेनं दरवाजे उघडले, नाहीतर माणसानं. यंत्रणेकडून ते अशक्य आहे, हे गणितानं सिद्ध झालेलं होतं. मग उरला माणूस. रणजितराव चौदा दिवस सांगत राहिले, “मी बटण दाबलं नाही.” पंधराव्या दिवशी त्यांनी दाबल्याच्या जबाबावर सही केली. नोकरी गेली. दोन वर्षं शिक्षा भोगून ते बाहेर आले, तेव्हा घर गावातून तालुक्याला हललं होतं, कारण गावात तोंड दाखवायची सोय नव्हती.

समृद्धी तेव्हा सोळा वर्षांची होती. ‘त्या प्रमेयातच खोट असणार,’ असं मनाशी धरून ती गणिताला लागली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी कर्णिकांचा निबंध वाचण्याइतकं गणित तिला आलं. तीन आठवडे बसून तिनं तो ओळ न् ओळ वाचला आणि तिला कुठेही खोट सापडली नाही. उलट, इतकं सुंदर काही आपण आयुष्यात वाचलं नाही, असं तिला वाटलं. त्या दिवशी तिनं बापावर विश्वास ठेवणं सोडलं. रागानं नव्हे, सिद्धता पटली म्हणून. घरी ती पूर्वीसारखीच वागत राहिली आणि एम.एस्सी.ला थेट कर्णिकांच्या विभागात आली. आपण कुणाची मुलगी, हे तिनं मॅडमना कधी सांगितलं नाही. मोहिते आडनावाची विभागात चार मुलं होती.

आता तिनं प्रत्युदाहरण उघडलं. पडताळनं एक अट दिली होती. दोन्ही धरणांच्या पातळ्यांचं प्रमाण आणि पाण्याला वरून खाली यायला लागणारा वेळ यांत ठरावीक नातं जुळलं, तर नियम मोडतो. ते नातं नेमकं जुळणं फार दुर्मीळ होतं. पंचवीस वर्षांत पाच नद्यांवर एखाद्या वेळी जुळलं असतं.

चौकशी अहवालाचं परिशिष्ट तिच्याकडे होतं. त्या दुपारचे अंबेघरचे आणि कोळवणचे आकडे तिनं एकेक करून भरले. एक आकडा दोनदा खोडून लिहावा लागला. मग तिनं कळ दाबली.

‘स्थिती कडेवर आहे. दोन्ही धरणे पूर्ण उघडतील. वेळ : ४ वाजून ६ मिनिटे.’

अहवालाच्या पहिल्याच पानावर ती वेळ होती. चार वाजून सहा मिनिटं. वेळ तिनं भरलीच नव्हती. ती पडताळनं काढली होती.

शेजारच्या टेबलावर कुणीतरी डबा उघडला, भाजीचा वास आला, कुणी तिला “जेवायला येतेस का?” असं विचारलं. तिला ओठ हलताना दिसले. छापून निघालेले कागद उचलून ती मॅडमच्या खोलीकडे जिना चढू लागली.

कर्णिक मॅडम त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, डिसेंबरमध्ये निवृत्त होणार होत्या. कागद पाहून त्या हसल्या.

“उतरवताना चुकली असशील. उपप्रमेय चार ना? तिथे सगळ्यांचीच गडबड होते. बस, पाणी पी आधी. चेहरा बघ कसा झालाय.”

“मी सहा वेळा तपासलं, मॅडम.”

“मग सातव्यांदा मी तपासते.”

त्यांनी पेन्सिल घेतली, कोरा कागद ओढला. पडताळचा निकाल त्यांनी उलटा करून ठेवला. त्यांना तो बघायचा नव्हता. समृद्धी समोर बसून राहिली. पहिला अर्धा तास मॅडम भराभर लिहीत होत्या, अधूनमधून तोंडानं पुटपुटत. मग वेग कमी झाला. मग त्यांनी एक ओळ लिहिली, खोडली, तीच पुन्हा लिहिली. तीन वाजता दाराशी कुणी विद्यार्थी आला, तर त्यांनी वर न बघता हातानंच त्याला घालवून दिलं.

पावणेचारला त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

“बंदिस्त नाही,” त्या म्हणाल्या.

आवाज इतका बारीक होता की समृद्धीला वाटलं, त्या स्वतःशीच बोलताहेत.

“संच बंदिस्त असणं म्हणजे त्याची कडही त्याच्यातच असणं. मी आतला प्रत्येक बिंदू तपासला. कड तपासलीच नाही. ती आत आहे असं धरून चालले.” त्यांनी चष्मा काढला. “कडेवर काय होतं, माहितीये? दोन्ही धरणांना एकाच क्षणी वाटतं, की समोरच्यानं दरवाजे मिटायला घेतलेत. म्हणून दोघंही आपले उघडतात. इतकं साधं आहे. पंचवीस वर्षं मी हेच वर्गात शिकवतेय, की ‘उघड आहे’ असं कधी लिहू नका.”

समृद्धीनं दुसरा कागद पुढे सरकवला. त्या दुपारचे आकडे आणि खाली ती वेळ.

मॅडमनी तो वाचला. पुन्हा वाचला.

“हा कोळवणचा दिवस आहे.”

“हो.”

“मी साक्ष दिली होती तिथे. समितीनं मला एकच प्रश्न विचारला, यंत्रणेकडून असं होऊ शकतं का? मी म्हणाले, दोन अधिक दोन पाच होऊ शकत असतील, तर हेही होईल. लोक हसले होते. तो माणूस समोरच बसला होता, मोहिते...” त्या थांबल्या. त्यांनी हळूहळू मान वर केली. “समृद्धी. तू कुठली?”

“कोळवणची. रणजित मोहिते माझे वडील.”

मॅडमनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. समृद्धीला त्यांच्याकडे बघवेना. त्यांना ओरडून काही बोलावं असं तिला वाटत होतं, पण तसं बोलायला तिला तोंडच नव्हतं. तिनंही तेच केलं होतं. तोच निबंध वाचून, त्याच ओळीवर मान डोलावून.

“हे कुणाला सांगितलंस?” मॅडमनी विचारलं.

समृद्धीनं कागद आपल्याकडे ओढले. “अजून नाही,” ती सावधपणे म्हणाली.

“मग उशीर केलास. आज ऑगस्टची किती तारीख आहे? पाचही नद्यांवर धरणं भरलेली आहेत.” त्यांनी फोन उचललासुद्धा होता.

मंडळाचे मुख्य अभियंता बाबर यांना त्या चांगल्या ओळखत होत्या. फोन त्यांनी स्पीकरवर टाकला.

“बाबरसाहेब, यंत्रणा आत्ताच्या आत्ता बंद करा. सगळीकडे माणसं बसवा.”

“काय झालं, मॅडम? सायबर हल्ला वगैरे?”

“माझं प्रमेय चुकलंय.”

पलीकडे बाबर हसले. “मॅडम, अहो, चेष्टा करताय काय? पंचवीस वर्षं चालतंय ते. तुमच्याच सहीचं प्रमाणपत्र माझ्या भिंतीवर लावलंय.”

“ते खाली उतरवा. सही मी मागे घेतेय. लेखी पाठवते दहा मिनिटांत.”

“पण एकदम सगळं हातानं चालवायचं म्हणजे... वरिष्ठांना काय सांगू? आणि कोळवणच्या प्रकरणाचं काय मग? मॅडम, तुम्हाला कळतंय ना, हे कुठे जाईल? निवृत्तीला आलायत तुम्ही. दोन-तीन महिने थांबून, एखादी समिती नेमून...”

“कोळवणला अकरा माणसं गेली, ती माझ्यामुळे,” मॅडम म्हणाल्या. “बारावं जाऊ द्यायचं असेल, तर समिती नेमा. मी पुढचा फोन पत्रकारांना करणार आहे.”

संध्याकाळी सहापर्यंत पाचही नद्यांवर दरवाजांपाशी माणसं बसली. मॅडमनी दीड पानाचं निवेदन लिहिलं. त्यात ‘नजरचूक’ हा शब्द त्यांनी एकदा लिहिला आणि खोडून ‘चूक’ केला.

“तुझ्या वडिलांना मी भेटायला येते,” त्या म्हणाल्या. “आत्ता येते. गाडी काढते.”

“आज नको, मॅडम.” समृद्धीनं बॅग खांद्याला लावली. “मलाही त्यांना काहीतरी सांगायचंय. आधी मी जाते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एस.टी.नं ती तालुक्याला उतरली. रणजितराव आता एका वजनकाट्यावर कामाला होते. ट्रक काट्यावर चढला की वजनाची पावती फाडायची. त्या दिवशी त्यांची सुट्टी होती. ते ओट्यावर बसून शेंगा निवडत होते. आई आत भाकऱ्या थापत होती.

“आज कशी काय गं?” ते दचकले. “बरी आहेस ना?”

तिनं बॅगही उतरवली नाही. तशीच त्यांच्यासमोर खाली बसली आणि सगळं सांगून टाकलं. लाल रेघ, कड, चार वाजून सहा मिनिटं, मॅडमचं निवेदन. वाटेत तिनं वाक्यं जुळवून ठेवली होती. ती सगळी विस्कटली. आई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली आणि मध्येच मटकन उंबऱ्यावर बसली.

“तुम्ही काही केलं नव्हतं, पप्पा. यंत्रणेनं उघडले दरवाजे. सिद्ध झालंय.”

ती बापाच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. ते रडतील, चिडतील, उठून बाहेर जातील, काहीही होईल असं तिला वाटलं होतं. रणजितराव शेंगा निवडत राहिले. मग शांतपणे म्हणाले, “नाही समू. मीच दाबलं होतं बटण.”

“पप्पा, मी सांगतेय ना...”

“मला आठवतंय.” त्यांनी उजव्या हाताचं बोट पुढे केलं. “लाल झाकण वर केलं. खाली बटण. गार होतं. रोज आठवतं. आधी वाटायचं, आपण दाबलं नाही. मग त्यांनी विचारून विचारून, मॅडमनी पण सांगितलं की यंत्रणेनं होणंच शक्य नाही... तेव्हा हळूहळू आठवायला लागलं. आता तर डोळे मिटले की दिसतं.”

प्रत्युदाहरणाहून हा धक्का मोठा होता. कालपर्यंत तिला वाटत होतं, की बाप एक तर खोटं बोलत होता, नाहीतर खरं. पण एका चुकलेल्या ओळीनं या माणसाच्या डोक्यात शिरून, त्यानं न केलेलं काम त्याला आठवायला लावलं होतं. आणि सहा वर्षं तो त्या अकराजणांना घेऊन जगत होता.

“मीही तेच मानत होते, पप्पा,” ती म्हणाली. हे सांगायलाच ती आली होती. “बी.एस्सी.ला असताना मी ते प्रमेय वाचलं. तेव्हापासून. तुम्ही दाबलं, असंच धरून चालले होते मी.”

आई काहीतरी बोलायला गेली. रणजितरावांनी हातानंच तिला थांबवलं.

“ठाऊक होतं मला,” ते म्हणाले. “त्या दिवाळीपासून तू त्या दिवसाबद्दल विचारायची थांबलीस. आधी सारखी विचारायचीस.”

तिला रडू आवरेना. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण नजर कुठेतरी लांब होती. तिनं डोळे पुसले, बॅगेतून अहवाल काढला.

“मी वाचते. तुम्ही ऐका. फक्त जे कागदावर आहे, तेवढंच. तीन बावन्न. अंबेघरच्या ऑपरेटरचा तुम्हाला फोन. त्यांचे दरवाजे अर्धे उघडलेत, पाणी वीस मिनिटांत पोचेल.”

“हो. बापू होता ड्युटीला.”

“तीन पंचावन्न. तुम्ही मुख्य कार्यालयाला फोन केलात. उचलला नाही. तीन अठ्ठावन्न. पुन्हा केलात. उचलला नाही. नंतर आठ मिनिटं काही नोंद नाही. समितीनं लिहिलंय, ‘ऑपरेटर गोंधळलेला होता.’ चार सहा. दरवाजे उघडले.” ती थांबली. “या आठ मिनिटांत तुम्ही कुठे होतात?”

“बटणापाशी,” ते म्हणाले. मग कपाळाला आठी पडली. “नाही. आधी वर गेलो होतो. गच्चीवर.”

“कशाला?”

“भोंगा वाजवायला. कोळवणात शाळा सुटायची वेळ होती, पोरं नदीकाठच्या वाटेनं येतात. म्हटलं, दरवाजे उघडोत न उघडोत, आधी लोकांना वर काढू.”

“हे तुम्ही समितीला सांगितलंत?”

“सांगितलं होतं पहिल्या दिवशी. ते म्हणाले, भोंगा आपोआप वाजतो, यंत्रणा वाजवते. म्हटलं, असेल. त्यांना जास्त माहीत.”

समृद्धीनं झपाझप पानं उलटली. हवामानाचं पान, विजेचं पान. तिथे बोट टेकवून ती दोनदा वाचत राहिली.

“पप्पा, दुपारी तीनपासून तुमच्याकडे वीज नव्हती. दरवाजांना जनरेटर होता. भोंग्याला नव्हता, इथे तसं लिहिलंय. आणि गावातल्या सात साक्षीदारांनी सांगितलंय, भोंगा चार वाजता सुरू झाला आणि पाणी दिसेपर्यंत वाजत होता. वीजच नव्हती, तर आपोआप कसा वाजेल?”

रणजितरावांच्या मांडीवरच्या सुपातल्या शेंगा खाली घरंगळल्या.

“दांडा होता त्याला,” ते म्हणाले. “हातानं फिरवायचा. गंजलेला. एका हातानं फिरेना, म्हणून...” त्यांनी दोन्ही हात पुढे धरले, मुठी वळल्या आणि हवेत ते हळूहळू गोल फिरवू लागले. एकदा, दोनदा. “वरूनच बघितले मी दरवाजे उचलताना. वरून. मी गच्चीवर होतो, समू. ओरडत होतो वरून. दोन्ही हात गुंतलेले होते माझे.”

त्यांचे हात हवेतच थांबले. आधी उजव्या हाताकडे त्यांनी पाहिलं, मग डाव्या, आणि मग तोंड उघडून, आवाज न करता ते रडू लागले. आईनं पिठाचे हात तसेच त्यांच्या गळ्यात टाकले.